हिशेबाचें कोष्टक आणि दमलेला संगणक



घरांतील एखादें माणूस धापा टाकूं लागलें, म्हणजे त्याला काय होत आहे हें आपण आधीं विचारतों. परंतु घरांतील यंत्र धापा टाकूं लागलें, म्हणजे तें जुनें झालें असा निकाल देऊन आपण एकदम नव्याच्या किंमतीची चौकशी करूं लागतों. संगणकाच्या बाबतींत हा अनुभव आतां फार सामान्य झाला आहे. सहकारी गृहसंस्थेचा वार्षिक हिशेब, गणेशोत्सव मंडळाची वर्गणी, शिकवणीच्या वर्गांतील मुलांचे गुण, घरखर्चाची टिपणें, अशा नाना गोष्टी आपण एक्सेलसारख्या कोष्टकाच्या कार्यक्रमांत लिहून ठेवतों. पहिलें वर्ष सुखाचें जातें. दुसऱ्या वर्षीं ती फाईल उघडण्यास वेळ लागूं लागतो. तिसऱ्या वर्षीं एक आंकडा लिहिला कीं पंखा घोंघावूं लागतो, पडदा गोठल्यासारखा होतो, बाणाच्या जागीं फिरतें चक्र येतें, आणि यंत्र मांडीवर असेल तर मांडीला चटका बसतो. मग कोणी म्हणतो मेमरी वाढवा, कोणी म्हणतो व्हायरस शिरला आहे, आणि कोणी म्हणतो हें यंत्रच विकून टाका.

या तक्रारीचें कारण बहुधा यंत्रांत नसतें. तें आपण, किंवा आपल्या आधींच्या खजिनदारानें, लिहिलेल्या कोष्टकांत असतें. तें शोधून काढण्यासाठीं तंत्रविशारद असावें लागत नाहीं. थोडी चिकाटी आणि तपासण्याचा क्रम एवढें पुरतें. आणखीही एक गोष्ट आज मला सांगावयाची आहे. या दुखण्यावर घाईनें करण्यांत येणारा एक उपाय असा आहे कीं, त्यानें यंत्र शांत होतें, परंतु हिशेब खोटा होतो. यंत्राची दगदग परवडली, पण ती शांतता परवडत नाहीं.

प्रथम हें यंत्र कष्ट कशाचे करतें तें पाहूं. १९७९ सालीं अमेरिकेंत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनीं व्हिसिकॅल्क नांवाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. ॲपल कंपनीच्या छोट्या संगणकावर तो चालत असे. त्याच्या कागदावर ६३ स्तंभ आणि २५४ ओळी, म्हणजे सुमारें सोळा हजार घरें होतीं. एका घरांतील आंकडा बदलला कीं तो कार्यक्रम ओळीमागून ओळ किंवा स्तंभामागून स्तंभ घेऊन सबंध कागदाचा हिशेब पुन्हां करीत असे. पुढें १९८५ सालीं मायक्रोसॉफ्टनें एक्सेल हा कार्यक्रम मॅकिंटॉश यंत्रासाठीं आणि १९८७ सालीं विंडोज प्रणालीसाठीं काढला. त्याच्या २००७ सालच्या आवृत्तीपासून एका पानावर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ असतात. या दोहोंचा गुणाकार केला, तर घरांची संख्या सतरा अब्जांच्या वर जाते. सोळा हजार घरांच्या जागीं सतरा अब्ज घरें आलीं. परंतु आपली लिहिण्याची संवय मात्र कागद लहान असतांनाचीच राहिली.

एवढ्या घरांचा हिशेब प्रत्येक वेळीं नव्यानें करणें कोणत्याही यंत्रास शक्य नाहीं. म्हणून एक्सेल एक युक्ति करतो. कोणतें घर कोणत्या घरावर अवलंबून आहे याची तो मनाशीं एक वंशावळ ठेवतो. आपण एक आंकडा बदलला, कीं त्याच्यावर अवलंबून असलेलीं घरें, मग त्यांच्यावर अवलंबून असलेलीं घरें, अशा क्रमानें तो खुणा करीत जातो, आणि खूण झालेल्या घरांचाच हिशेब पुन्हां करतो. पेढीवरील जाणता मुनीम एका खात्यांत दुरुस्ती झाली म्हणून सगळी खतावणी पुन्हां लिहीत बसत नाहीं. तें खातें ज्या ताळेबंदांत गेलें असेल, तेवढाच ताळेबंद तो सुधारतो. हीच ती रीत. ही वंशावळ आटोपशीर राहिली, म्हणजे दहा हजार ओळींची वहीही चटकन् चालते. ती आपण आपल्या लिहिण्यानें गुंतवून टाकली, म्हणजे हजार ओळींची वही यंत्राला घाम आणते.

आतां तपासणीकडे वळूं. पहिली पायरी ही, कीं दमविणारा कोण आहे याची खात्री करून घ्यावी. विंडोज प्रणालीवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर नांवाचा तक्ता उघडतो. कोणता कार्यक्रम प्रोसेसरचा किती हिस्सा वापरीत आहे, तें त्यांत टक्क्यांनीं दिसतें. त्यांत एक्सेलचें नांव वर नसून दुसऱ्याच कार्यक्रमाचें असेल, तर कोष्टकाला दोष देण्याचें कारण नाहीं. प्रोसेसर निवांत असून मेमरी किंवा डिस्क यांचा आंकडा शंभराच्या जवळ असेल, तर दुखणें निराळें आहे आणि त्याचा उपायही निराळा आहे.

हा टक्का वाचतांना एका गोष्टीची जाणीव ठेवावी. आजच्या प्रोसेसरला अनेक हात असतात. कोणाला चार, कोणाला आठ, कोणाला सोळा. तक्त्यांतील शंभर टक्के म्हणजे सर्व हातांचें मिळून काम. म्हणून चार हातांच्या यंत्रावर एक हात अहोरात्र राबत असला आणि बाकीचे तीन मोकळे असले, तर तक्ता सुमारें २५ टक्केच दाखवील. आठ हातांच्या यंत्रावर तोच आंकडा साडेबारा होईल. पुष्कळ लोक हा लहान आंकडा पाहून म्हणतात, प्रोसेसर तर रिकामाच आहे, मग पडदा कां गोठला? तो गोठला याचें कारण असें, कीं कोष्टकांतील कांहीं कामें एकाच हातानें करावीं लागतात. एक्सेलच्या २००७ सालच्या आवृत्तीपासून साधीं सूत्रें अनेक हातांना वांटून देतां येतात. परंतु मॅक्रोच्या भाषेंत आपण स्वतः रचलेलीं सूत्रें अजून एकाच हाताच्या वांट्याला येतात. तेव्हां २५ टक्के हा आंकडाही कधीं कधीं पूर्ण थकव्याचा असतो.

याच्या उलट, शंभर टक्के दिसले म्हणजे रोग झाला असेंही नव्हे. मोठा हिशेब चालला आहे, सर्व हात कामाला लागले आहेत, आणि पांच-दहा सेकंदांत काम संपून आंकडा खालीं आला, तर यंत्रानें आपलें कर्तव्य केलें एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळांत आपल्याला दुसरें कांहीं काम करावयाचें असेल, तर एक्सेलच्या ऑप्शन्समधील ॲडव्हान्स्ड या भागांत हिशेबासाठीं किती हात द्यावयाचे तें ठरवितां येतें. आठांपैकीं सहा दिले, तर दोन आपल्यासाठीं उरतात. काळजी करावयाची ती दोन प्रसंगीं: एक, प्रत्येक लहान बदलानंतर दीर्घ काळ आंकडा वर राहतो तेव्हां, आणि दुसरा, आपण कांहींच करीत नसतांनाही तो वर राहतो तेव्हां.

हा दुसरा प्रसंग आधीं घेऊं, कारण त्याचें निदान सोपें आहे. सर्व फाईली बंद करून एक कोरी वही उघडावी आणि स्वस्थ बसून टक्का पाहावा. कोरी वहीही यंत्राला दमवीत असेल, तर दोष आपल्या हिशेबाचा नाहीं. मग कंट्रोलची कळ दाबून ठेवून एक्सेल सुरू करावा. तो सेफ मोडमध्यें, म्हणजे जोडकार्यक्रम बाहेर ठेवून, उघडूं का असें विचारील; त्यास होकार द्यावा. असें केल्यावर पंखा शांत झाला, तर एखादा जोडकार्यक्रम, ज्याला ॲड-इन म्हणतात, तो आंत बसून कुरकुर करीत आहे असें समजावें. छपाईचे, भाषांतराचे, बँकेच्या माहितीचे असे जोडकार्यक्रम आपल्या नकळत बसलेले असतात. ऑप्शन्समध्यें जाऊन ते सगळे एकदम न काढतां एकेक बंद करावा आणि प्रत्येक वेळीं पुन्हां पाहावें. सगळे एकदम काढले तर आराम पडेल, परंतु दोषी कोण तें कळणार नाहीं, आणि उपयोगी असलेलाही एखादा गमवावा लागेल.

कधीं कधीं असें दिसतें, कीं आपण एक्सेल बंद केला आहे, तरी तक्त्यांत त्याचें नांव आहे. दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमानें किंवा मॅक्रोनें पडद्याआड एक्सेल सुरू केला आणि काम झाल्यावर तो बंद करावयाचा राहून गेला, म्हणजे असें होतें. तक्त्यांतून त्याला थांबवितां येतें. पण थांबविण्यापूर्वीं न जतन केलेली कोणतीही वही उघडी नाहीं याची खात्री करून घ्यावी. त्या तक्त्यांतील थांबविण्याची आज्ञा जतन करूं का म्हणून विचारीत नाहीं.

आतां मुख्य प्रसंग. कोरी वही शांत आहे, दुसऱ्या फाईलीही शांत आहेत, आणि एकच फाईल उघडली कीं यंत्र तापतें. येथें पहिलें काम म्हणजे त्या फाईलची एक प्रत काढून ठेवणें. यापुढील सर्व प्रयोग प्रतीवर करावयाचे. मूळ वहीला हात लावावयाचा नाहीं. प्रतीमध्यें फॉर्म्युलाज या भागांतून हिशेबाची रीत स्वयंचलित आहे ती मॅन्युअल, म्हणजे सांगेल तेव्हां करणारी, अशी करावी. मग एकेका पानावर जाऊन शिफ्ट आणि एफ-नऊ या कळा दाबाव्या; त्यायोगें त्या एका पानाचाच हिशेब होतो. घड्याळ समोर ठेवून प्रत्येक पानाला किती वेळ लागला तें लिहून घ्यावें. बारा पानांपैकीं अकरा पानें क्षणांत होतात आणि एक पान अर्धा मिनिट घेतें, असें पुष्कळदां आढळतें. तें पान सांपडलें म्हणजे त्यांतील अर्धे स्तंभ पुसून पाहावे. वेळ उतरला तर दोष पुसलेल्या भागांत, न उतरला तर उरलेल्या भागांत. असें निम्म्यानिम्म्यानें शोधीत गेलें, तर शंभर स्तंभांतून दोषी स्तंभ सात प्रयत्नांत हातीं लागतो.

तो स्तंभ सांपडल्यावर त्यांत काय दिसेल? माझ्या समजुतीप्रमाणें पुढील पांच-सहा प्रकारांपैकीं एक दिसेल. ते आपण एका गृहसंस्थेच्या वहीच्या आधारें पाहूं, म्हणजे लक्षांत राहतील.

पहिला प्रकार चंचल सूत्रांचा. थकलेल्या वर्गणीवर किती दिवस लोटले हें काढण्यासाठीं आपण टुडे, म्हणजे आजची तारीख देणारें सूत्र, वापरतों. तें सूत्र, आतांची वेळ देणारें नाऊ, यदृच्छेनें आंकडा देणारें रँड, तसेंच ऑफसेट आणि इनडायरेक्ट हीं सूत्रें चंचल जातीचीं आहेत. वर सांगितलेली वंशावळ तीं मानीत नाहींत. वहींत कोठेंही कांहीं बदललें, कीं तीं पुन्हां हिशेब मागतात. आणि जीं घरें त्यांच्यावर अवलंबून असतात, तीं सर्व त्यांच्यामागोमाग येतात. दोनशें सदनिका आणि तीन वर्षांचे छत्तीस महिने, म्हणजे सात हजार दोनशें घरांत टुडे लिहिलें असेल, तर एका सभासदाच्या नांवांतील ऱ्हस्वदीर्घ सुधारल्यावरही सात हजार दोनशें घरांचा हिशेब होईल. यावर कित्येक जण टुडे एकाच घरांत लिहून बाकीच्यांना त्या घराकडे बोट दाखवावयास लावतात. पुष्कळ ठिकाणीं हाच उपाय सांगितला जातो. परंतु तो अपुरा आहे, कारण अवलंबून असलेलीं घरें तरीही जागीं होतात. खरा उपाय असा, कीं त्या एका घरांत सूत्र न ठेवतां तारीख हातानें लिहावी. कंट्रोल आणि अर्धविराम या कळांनीं आजची तारीख तेथें कायमची लिहिली जाते. गृहसंस्थेचीं बिलें महिन्यांतून एकदां निघतात. त्यांना क्षणोक्षणीं तारीख विचारण्याचें प्रयोजन नाहीं.

दुसरा प्रकार चालू शिल्लकेचा, आणि हा मला सर्वांत बोधप्रद वाटतो. रोजकीर्दींत प्रत्येक ओळीसमोर त्या ओळीपर्यंतची शिल्लक दाखवावयाची असते. त्यासाठीं पहिल्या ओळीपासून चालू ओळीपर्यंतची बेरीज, असें सूत्र लिहून तें खालपर्यंत ओढण्याची रीत फार प्रचलित आहे. तें दिसावयास सोज्ज्वळ आहे. परंतु पहिल्या ओळींत एक आंकडा मिळवावा लागतो, दुसऱ्या ओळींत दोन, तिसऱ्या ओळींत तीन, आणि दहा हजाराव्या ओळींत दहा हजार. या सगळ्यांची गोळाबेरीज पांच कोटी पांच हजार होते. तीच शिल्लक वरच्या ओळींतील शिल्लक अधिक आजची रक्कम अशी मांडली, तर सगळें काम वीस हजार आंकड्यांत उरकतें. आपल्या जुन्या चोपड्या लिहिणाऱ्यांना हें पूर्ण ठाऊक होतें. मागील पानावरील शिल्लक पुढें ओढून ते नवें पान सुरू करीत; दिवाळीच्या दिवशीं पहिल्या पानापासून बेरीज करीत बसत नसत. आपल्या हातीं जलद यंत्र आलें, आणि त्या जलदपणाच्या भरंवशावर आपण तो शहाणपणा विसरलों.

तिसरा प्रकार शोधाशोधीचा. सदनिकेच्या क्रमांकावरून सभासदाचें नांव, दूरध्वनि, क्षेत्रफळ हें सर्व दुसऱ्या पानावरून आणण्यासाठीं व्हीलुकअप नांवाचें सूत्र वापरतात. यादी क्रमानें लावलेली नसेल, आणि तंतोतंत जुळणीच हवी असेल, तर यंत्राला वरून खालीं एकेक नांव पाहात जावें लागतें. एकेका ओळीसाठीं पांच गोष्टी आणावयाच्या असल्या, तर तोच शोध पांच वेळां होतो. २०१८ सालानंतरच्या नव्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टनें या शोधाची एक अंतर्गत सूची ठेवण्याची सोय केली आहे, त्यामुळें वेळ पुष्कळ वांचतो. परंतु जुन्या आवृत्तीवर ही सोय नाहीं. तेथें मॅच या सूत्रानें ओळीचा क्रमांक एकदांच शोधून एका स्तंभांत ठेवावा, आणि इंडेक्स या सूत्रानें त्या क्रमांकावरून पांचही गोष्टी उचलाव्या. यादी क्रमानें लावली, तर तिच्या मध्यावर बोट ठेवून वर कीं खालीं असें ठरवीत जातां येतें, आणि दहा लाख अठ्ठेचाळीस हजार ओळींतूनही वीस-एकवीस प्रश्नांत उत्तर मिळतें. मात्र या दुसऱ्या रीतींत एक धोका आहे. मागितलेला क्रमांक यादींत नसला, तर सूत्र त्याच्या शेजाऱ्याला उचलून आणतें आणि कांहीं बोलत नाहीं. म्हणून आणलेला क्रमांक मागितलेल्याशीं जुळतो कीं नाहीं, हें पाहणारें एक घर शेजारीं असलेंच पाहिजे.

चौथा प्रकार सबंध स्तंभाचा. आपल्या ओळी पांचशें असतांना सूत्रांत आपण सबंध स्तंभ देऊन टाकतों; पुढें भर पडली तर सूत्र बदलावें लागूं नये, हा हेतु. साध्या बेरजेचें सूत्र समंजस असतें. तें वापरलेल्या ओळींपर्यंतच जातें. परंतु समप्रॉडक्ट आणि त्याच्या जातीचीं कांहीं सूत्रें अक्षरशः दहा लाखांवर ओळी चालून जातात. अशा ठिकाणीं नेमकी मर्यादा द्यावी. किंवा माहितीला एक्सेलच्या टेबलाचें रूप द्यावें, म्हणजे ओळी वाढतील तशी मर्यादा आपोआप वाढते.

पांचवा प्रकार रंगरंगोटीचा. थकबाकी असेल तर घर तांबडें व्हावें, भरणा झाला असेल तर हिरवें व्हावें, असे सशर्त रंग आपण देतों. हे नियम हिशेबाच्या वेळींच नव्हे, तर तो भाग पडद्यावर रंगविला जातो त्या प्रत्येक वेळीं तपासले जातात. म्हणून नुसतें वरखालीं सरकतांनाही यंत्र अडखळतें. त्यांतून ओळींची नक्कल करून चिकटवितांना नियमांच्याही नकला होतात, आणि वर्षभरांत एका नियमाचे शेंकडों तुकडे होऊन बसतात. कंडिशनल फॉरमॅटिंगमधील मॅनेज रूल्स हा भाग उघडून एकदां ती यादी पाहावी. बहुधा सर्व नियम पुसून दोन-तीन नव्यानें लिहिणें हेंच सोपें जातें.

सहावा प्रकार भुतांचा, म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूंचा. कंट्रोल आणि एंड या कळा दाबल्या असतां आपण वहीच्या शेवटच्या वापरलेल्या घरावर जातों. आपली माहिती पांचशाव्या ओळीस संपत असून उडी जर साठ हजाराव्या ओळीवर पडली, तर मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या ओळींवर कोणीतरी रेघा आणि रंग ओढून ठेवले आहेत. त्या ओळी नुसत्या पुसून भागत नाहीं; त्या निवडून काढून टाकाव्या आणि फाईल जतन करावी. तसेंच आंतरजालावरील पानांतून मजकूर उचलून चिकटवितांना कित्येक अदृश्य चित्रें बरोबर येतात. आल्ट आणि एफ-दहा दाबलें कीं त्यांची यादी दिसते. ती अपेक्षेपेक्षां लांब निघाली तर आश्चर्य वाटूं देऊं नये.

याखेरीज एक घर दुसऱ्यावर आणि दुसरें पुन्हां पहिल्यावर अवलंबून असेल, तर तें चक्र होतें. एक्सेल सामान्यतः अशा चक्राची सूचना देतो. परंतु कोणी ती सूचना टाळण्यासाठीं पुनरावृत्तीची परवानगी देऊन ठेवली असेल, तर मूळच्या योजनेप्रमाणें एकेका हिशेबास शंभरपर्यंत फेरे होऊं शकतात. ही परवानगी कोणी दिली आणि कां दिली, हें विचारल्यावांचून ती वही वापरूं नये.

आतां ज्या धोक्याचा उल्लेख मीं आरंभीं केला, त्याकडे येतों. तपासणीसाठीं आपण हिशेबाची रीत मॅन्युअल केली होती. ती तशीच ठेवली, तर यंत्र ताबडतोब शांत होतें, आणि कोणालाही वाटेल कीं उपाय सांपडला. पण त्याचा अर्थ काय? आंकडा आपण बदलतों, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली बेरीज मात्र कालचीच राहते. फाईल जतन करण्यापूर्वीं हिशेब करण्याची सोय त्या रीतींत आहे. परंतु ती कोणी बंद केली असेल, किंवा जतन न करतांच बिलें छापलीं, तर कागदावर जुने आंकडे उतरतात. सभासदानें मार्चमध्यें भरलेले पैसे एप्रिलच्या बिलांत थकबाकी म्हणून दिसतात. तो चिडतो, खजिनदारावर संशय येतो, आणि सर्वसाधारण सभेंत ज्या माणसानें फुकट राबून वही ठेवली, त्यालाच उत्तरें द्यावीं लागतात. दोष कोणाच्या प्रामाणिकपणाचा नसतो. एका बटणाचा असतो. पण पैशाच्या व्यवहारांत गमावलेला विश्वास बटण फिरवून परत येत नाहीं.

ही रीत संसर्गजन्यही आहे. एक्सेल सुरू केल्यावर जी फाईल आपण प्रथम उघडतों, तिची रीत त्या बैठकींत नंतर उघडलेल्या सर्व फाईलींना लागू होते. सकाळीं गृहसंस्थेची मॅन्युअल वही उघडली आणि तिच्यामागून मुलीच्या महाविद्यालयाच्या खर्चाची वही उघडली, तर तिचाही हिशेब मुका होतो. आणि ती तशीच जतन केली तर तें मुकेपण तिच्याबरोबर जातें. म्हणून मॅन्युअल रीत ही तपासणीच्या वेळेपुरतीच असावी. पडद्याच्या तळाशीं डाव्या बाजूस कॅल्क्युलेट असा शब्द दिसला, तर हिशेब शिळा आहे असें जाणावें आणि एफ-नऊ दाबावें. शंका फारच असेल, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-नऊ दाबल्यानें सर्व उघड्या वह्यांचा हिशेब अथपासून इतिपर्यंत होतो. छापण्यापूर्वीं, पाठविण्यापूर्वीं आणि सही करण्यापूर्वीं हें एकदां करावें.

दुसरा एक असाच घातक उपाय म्हणजे फाईल हलकी व्हावी म्हणून ती जुन्या प्रकारांत जतन करणें. २००७ पूर्वींच्या त्या प्रकारांत एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० सालीं इंग्लंडमध्यें करोनाच्या साथींत आरोग्यविभागाच्या कामांत हाच जुना प्रकार वापरण्यांत आला होता. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती मर्यादेबाहेर गेली, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या अवधींतील १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर झाली नाहीं. त्या रुग्णांच्या संपर्कांत आलेल्या माणसांना सावध करण्यासही तितकाच उशीर झाला. तेथें प्रश्न यंत्राच्या थकव्याचा नव्हता, हें खरें. परंतु कोष्टकाची मर्यादा न ओळखतां त्यावर विसंबलें असतां काय होतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाहीं.

हें सर्व करूनही वही जड राहिली, तर एक प्रश्न स्वतःस विचारावा: हें काम कोष्टकाचें आहे काय? दहा वर्षांच्या जुन्या पावत्या चालू वर्षाच्या वहींत कशासाठीं हव्यात? वर्ष संपलें कीं ताळेबंद करून, शेवटची शिल्लक पुढें ओढून, जुनी वही बंद करून ठेवण्याची आपली जुनी पद्धत येथेंही उपयोगी पडते. बंद केलेल्या वर्षाच्या सूत्रांचे नुसते आंकडे करून ठेवले, तर तीं घरें पुन्हां कधीं हिशेब मागत नाहींत. मात्र सूत्रांसह एक प्रत वेगळी राखून ठेवावी, म्हणजे हिशेबतपासनिसानें विचारलें असतां आंकडा कोठून आला तें दाखवितां येतें.

आणि शेवटीं एक विनंति. आपली वही आज ना उद्यां दुसऱ्याच्या हातीं जाणार आहे. तिच्या पहिल्या पानावर चार ओळी साध्या मराठींत लिहून ठेवाव्या: कोणत्या पानावर काय आहे, कोणतें सूत्र कशासाठीं लिहिलें, आणि कोणत्या घराला हात लावूं नये. पुढच्या खजिनदाराला त्या चार ओळी मिळाल्या, तर एक सूत्र कळलें नाहीं म्हणून त्याच्या शेजारीं दुसरें, आणि दुसरें जुळलें नाहीं म्हणून तिसरें, असें तो लिहीत जाणार नाहीं. आज ज्या फाईली आपल्या घरांतील यंत्रांना धापा टाकावयास लावीत आहेत, त्यांतील पुष्कळ अशाच एकावर एक लिहिल्या गेलेल्या आहेत. नव्या यंत्राच्या दुकानांत जाण्यापूर्वीं एक रविवार सकाळ त्या फाईलीला द्यावी. बहुतेकांना दुकानांत जावें लागणार नाहीं.